भोकाच्या तळाशी उरलेलं पाणी

[दृश्य: वर्कशॉपचा आतला भाग. बास्केटमध्ये रचलेले पोलादी ब्लॉक धुण्याच्या मशीनमध्ये जात आहेत.]

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं हे वर्कशॉप. इथले ब्लॉक पुढे हायड्रॉलिक व्हॉल्व्हमध्ये जातात. त्याआधी कटिंग ऑइल आणि बारीक किस धुऊन काढावा लागतो. ते काम मशीन बिनबोभाट करतं. घोडं अडतं ते सुकवताना.

[दृश्य: कॅमेरा एका भोकावर अगदी जवळ.]

हे ६ मिलिमीटरच्या आट्यांचं बंद भोक. खोली १५ मिलिमीटर. यात पाणी मावतं जेमतेम ०.३ ग्रॅम. वरून गरम हवेचा झोत कितीही मारा, तो तळापर्यंत पोचत नाही. एवढंसं पाणी आत राहिलं की आट्यांना गंज धरतो आणि माल परत येतो.

म्हणून व्हॅक्यूम. चेंबरमधला दाब १०० मिलिबारवर, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर आणला की पाणी सुमारे ४६ अंशांना उकळतं, ५० मिलिबारवर ३३ अंशांना. मग तळाशी दडलेलं पाणी बसल्या जागी वाफ होऊन बाहेर पडतं.

[दृश्य: झाकण उघडतं. एक तरुण ऑपरेटर ब्लॉक उलटा करून झटकतो. शेजारी वर्कशॉपमधले जाणते काका.]

"काका, ओलंच आहे अजून. व्हॅक्यूम वाढवू का?"

"वाढवशील रे. आधी हात लावून बघ."

"गार पडलाय."

"मग पाणी उकळणार कशाच्या जोरावर?"

सगळी मेख इथेच आहे. व्हॅक्यूम उष्णता देत नाही, फक्त उकळणं सोपं करतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० ज्यूल उष्णता लागतेच, आणि ती पाणी ब्लॉककडूनच ओढून घेतं. ५० किलो पोलाद ६५ अंशांवरून ४५ वर उतरलं, तर त्या उष्णतेत साधारण २०० ग्रॅम पाणी उडतं. बास्केटला त्याहून जास्त पाणी चिकटलेलं असेल, तर ब्लॉक आणखी गार होत जातो आणि सुकणं रेंगाळतं. अशा वेळी पंप आणखी खाली खेचत बसणं म्हणजे निव्वळ वीज जाळणं. ६ मिलिबारच्या खाली तर भोकात बर्फ धरू शकतो. मग वाट बघत बसा.

त्यामुळे खरं सेटिंग व्हॅक्यूमच्या गेजवर नाही, त्याआधीच्या शेवटच्या रिंजच्या, म्हणजे पाण्यातून खळबळण्याच्या, तापमानावर आहे. इथे काकांनी रिंजचं पाणी गरम केलं आणि ब्लॉक आतपर्यंत तापेस्तोवर बुडवून ठेवायला सांगितलं. बास्केटमध्ये भोकांची तोंडं खाली केली, म्हणजे बरंचसं पाणी आपोआप निथळतं. हा फुकटचा उपाय, आणि नेमका तोच सगळे विसरतात.

[दृश्य: व्हॅक्यूम पंप आणि त्याच्या अलीकडचा कंडेन्सर.]

पंपाची बाजूही बघायला हवी. ५० मिलिबारला त्या ०.३ ग्रॅम पाण्याची वाफ आठ लिटरहून अधिक जागा व्यापते. एका भोकाची! ती सगळी पंपाच्या तेलात शिरली तर तेल दुधाळ होतं आणि पंपाचा दम जातो. मधला थंड कंडेन्सर वाफेचं परत पाणी करून हा भार उतरवतो.

[दृश्य: पंपाचा व्हॉल्व्ह बंद होतो. गेजचा काटा.]

माल सुकला की नाही, हे झाकण न उघडताही कळतं. व्हॉल्व्ह बंद करायचा आणि काट्याकडे बघायचं. आत पाणी असेल तर वाफ होत राहते, दाब भराभर चढतो. काटा जागेवर राहिला, तर माल कोरडा. मात्र गळकं सील असलं तरी दाब चढतो, म्हणून रिकाम्या चेंबरवर हीच चाचणी आधी करून ठेवतात.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. जुलैत बडोद्याच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार झालेला ब्लॉक बाहेर काढला, की कोरड्या अंगावर क्षणात दव. मशीन निर्दोष, माल पुन्हा ओला! ब्लॉक बाहेर येतानाही कोमट असायला हवा, तो यासाठी.

[दृश्य: दुसरी बास्केट. त्याच आकाराचे ॲल्युमिनियमचे ब्लॉक.]

ही पुढची बास्केट ॲल्युमिनियमची. आकार तोच, पण ॲल्युमिनियम पोलादाच्या दोन-तृतीयांशाहून थोडी कमीच उष्णता साठवतं. पोलादाचं सेटिंग इथे जसंच्या तसं लावलं, तर पाणी उडायच्या आत ब्लॉक गार. काका याचा प्रोग्रॅम वेगळा लावतात: थोडा व्हॅक्यूम, मग गरम हवा, पुन्हा व्हॅक्यूम.