पोझुओली: खाली-वर होणारं गाव

हे तीन खांब दिसतायत ना संगमरवराचे, त्यांच्यावर जरा वर बघा. आपल्या डोक्याच्याही वर एक काळपट पट्टा आहे, नुसती भोकंच भोकं. ती पाडलीत समुद्रातल्या शिंपल्यांनी, दगड पोखरून आत राहणारी जात असते ती. आता शिंपले काय खांबावर चढत नाहीत, म्हणजे एवढी जमीन खाली गेली, पाण्यात राहिली आणि परत वर आली, आणि खांब आपले उभेच!

हे इटलीतलं पोझुओली, नेपल्सच्या पश्चिमेला, तिथल्या मोंतेसान्तो स्टेशनवरून कुमाना लोकल पकडायची की आलंच. १७५० मध्ये इथे सेरापिस देवाची मूर्ती मिळाली म्हणून नाव पडलं सेरापिसचं देऊळ, पण होती ही रोमन मंडई.

ही सगळी खाडीच काम्पी फ्लेग्रेई ज्वालामुखीच्या खोलगट तोंडात बसलीये. खाली दाब वाढला की जमीन फुगते, उतरला की खचते. १९८२ ते ८४ मध्ये गाव जवळजवळ १.८ मीटर वर आलं. त्याआधी १९७० मध्ये रिओने तेर्रा ही जुनी वस्ती लष्कर लावून रिकामी केली, आता तिथे घरांखालचे रोमन रस्ते बघायला तिकीट आहे.

पलीकडे बाया नावाचं गाव, म्हणजे रोमन शेठ लोकांचं लोणावळा. ते निम्मं पाण्यात गेलंय, काचेच्या तळाच्या बोटीतून बघता येतं. खालचे पुतळे मात्र कॉपी, ओरिजिनल वर किल्ल्यातल्या म्युझियममध्ये, आणि तिथलं माझं फेव्हरेट म्हणजे ग्रीक कथांमधला वीर युलिसिस, राक्षसाला दारूचा पेला देतोय, पण समोर राक्षसच नाही, तो सापडलाच नाही कधी!

रोमन काळी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून जहाजं इथे लागायची, आणि तिकडे भारतातला माल यायचा. नेपल्सच्या म्युझियममध्ये, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ ला सापडलेली एक हस्तिदंती बाई आहे, दागिन्यांनी मढलेली, तशाच घडणीची मूर्ती आपल्या जालन्याच्या भोकरदनला उत्खननात निघालीये. मी काचेसमोर किती वेळ उभा होतो सांगत नाही, वॉचमन दोनदा बघून गेला.

संध्याकाळी परत पोझुओलीच्या धक्क्यावर. जमीन अजून वर येतेच आहे, त्यामुळे छोट्या गोदीत पाणीच उरलं नाहीये फारसं, होड्या चिखलात कलंडल्यात, दोर मात्र तसेच बांधलेले.