आकडी, दोरी आणि ओलं लाकूड

(दृश्य: गवतावर पडलेला बर्चचा ओंडका, त्यात लाकडी पाचर)

ठोका बसतो, फट उघडते, आणि ओंडक्याची दोन शकलं होतात. इथे करवत मुद्दामच वापरलेली नाही. करवत माणूस नेईल तिथे जाते. पाचर लाकडाच्या रेषांमागून जाते. त्यामुळे आत पीळ आहे की सरळ रेषा, हे पहिल्याच फटीत कळतं. पीळ असलेलं शकल इथेच बाजूला पडतं.

लाकूड ओलं आहे. हात लावला तर गार लागतं. यातून वाटी कातायची आहे, इंग्लंडमधल्या पायाच्या लेथवर, म्हणजे पायानं फिरवायच्या कातण्याच्या यंत्रावर. त्याला असंच ताजं लाकूड लागतं. सुकलेलं लाकूडही कातता येतं, पण तेव्हा पाय आणि हत्याराची धार दोन्ही लवकर थकतात.

आता कुऱ्हाड. ही एकाच बाजूनं घासलेली आहे, दुसरी बाजू सपाट. आधी मधला मगज काढला जातो, बोटभर जास्तीच. सुकताना लाकूड वर्षवलयांच्या कडेकडेनं जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच मगजाकडून सालीकडे आकसतं. मगज वाटीत ठेवला तर हा सगळा ताण तिथे एकवटतो आणि वाटी तडकते. नंतर कोपरे उडतात, मग खालची गोलाई येते. सालीकडची बाजू वाटीचा तळ होणार, चिरलेली सपाट बाजू तोंड. घाई इथे महागात पडते: कुऱ्हाडीनं सोडलेला प्रत्येक उंचवटा पुढे लेथवर पायालाच फोडावा लागतो.

(दृश्य: लेथ, आधी पूर्ण, मग एकेक भाग जवळून)

दोन जाड तुळया, त्यांच्या फटीत उभे दोन खुंट, आणि खुंटांमध्ये समोरासमोर दोन लोखंडी टोकं. एक खुंट सरकतो. खालून पाचर ठोकली की घट्ट बसतो. डोक्यावर सुमारे चार मीटर लांबीचा लवचिक वासा आहे. त्याच्या टोकाची दोरी खाली येते, लाकडी रुळाला वेढे घेते आणि पायाखालच्या फळीला बांधली जाते. सगळं यंत्र एवढंच. यातला कुठलाही भाग मोडला तर तो करायला लागणारी हत्यारं याच झोपडीत आहेत.

ताक घुसळताना दोरीनं रवी कशी पुढे-मागे फिरते, ते आठवा. इथेही तेच होतं. पाय दाबला की लाकूड कारागिराकडे फिरतं, पाय सैल सोडला की वासा दोरी वर खेचतो आणि लाकूड उलटं फिरतं. कापणं फक्त दाबताना. दोरीचा वेढा उलटा पडला तर दाबताना लाकूड हत्यारापासून दूर पळतं आणि काहीच कापलं जात नाही. आपल्याकडच्या कातारी लोकांचं जुनं कामही असंच पुढे-मागे चाले. दोरी मात्र हातानं किंवा धनुकलीनं ओढली जाई.

रुळाची जाडी नीट बघा. साधारण पाच सेंटीमीटर. म्हणजे घेर पावणेसोळा, आणि पाय बत्तीस सेंटीमीटर खाली गेला की वाटीचे दोन फेरे. रूळ बारीक केला तर फेरे वाढतील, पण जोर कमी पडेल आणि मोठी वाटी मध्येच अडेल. वासा फार ताठ असेल तर प्रत्येक दाबाला त्याच्याशीच झुंजावं लागतं. फार लेचापेचा असेल तर फळी वेळेत वर येत नाही. आणि दुखतो तो दाबणारा पाय नव्हे, ज्यावर सगळं अंग तोललेलं असतं तो दुसरा.

रुळाच्या टोकाला खिळे आहेत. ते वाटीच्या सपाट तोंडात ठोकून बसवतात, तळाला दुसरं लोखंडी टोक. टोकावर थेंबभर तेल. किरकिर ऐकू आली की तेल संपलं. खुंट जास्त आवळला तर पाय जड होतो. सैल राहिला तर वाटी डुलते आणि खिळ्यांची भोकं मोठी होतात. एकदा भोकं मोठी झाली की रूळ वाटी सोडून एकटाच फिरू लागतो.

(दृश्य: आकडीच्या टोकातून निघणारा लांब ओला वळसा. इथे काही क्षण निवेदन नाही.)

हत्याराचं नाव आकडी म्हणू. लांब दांडा, पुढे वळवलेलं पोलाद, धार वळणाला. पोलाद लोहाराकडून, नाहीतर स्वतःच भट्टीत तापवून वाकवलेलं. आधी धारेमागचा उतार लाकडावर टेकवायचा, काही कापायचं नाही. मग दांडा हळूहळू फिरवायचा, ढलपी सुटेपर्यंत. थेट धार टेकवली तर ती खचकन रुतते, आणि काठ तुटतो किंवा रूळ सुटतो. लाकूड उलटं फिरतं तेव्हा आकडी केसभर मागे घेतात, टेकूवरून उचलत नाहीत. नवखा दर वेळी उचलतो, म्हणून त्याच्या वाटीवर पायऱ्या दिसतात.

बाहेरून कापताना तळाकडून काठाकडे. आतून कापताना काठाकडून तळाकडे. अशा दिशेनं प्रत्येक तंतूला मागच्या तंतूचा आधार राहतो. उलट गेलात तर लाकूड उपसून खरबरीत होतं, आणि कितीही घासलं तरी तो ओरखडा जात नाही. लाकूड उलटं फिरतं तो क्षण वाया जातो, असं विजेच्या मोटारीच्या लेथवर काम करणारे म्हणतात. पण त्याच क्षणात ढलपी गळून पडते, डोळ्यांना काप दिसतो, हात नीट बसतो. धूळ नाही, आवाज नाही. पायाचा लेथ म्हणजे मोटारीची वाट बघत बसलेलं अपुरं यंत्र नव्हे. ते पूर्ण यंत्र आहे.

(दृश्य: वाटीच्या मधोमध उरलेला गाभा)

आतली बाजू कोरताना रूळ मध्येच असतो, म्हणून मधोमध लाकडाचा गाभा उरतो. त्याची मान बारीक होत जाते आणि शेवटी हातानं मोडतात. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाची गल्ली आहे. या नावाचा तांब्याशी संबंध नाही. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ पेले करणाऱ्यांची गल्ली. १९७६ ते १९८१ मध्ये तिथे उत्खनन झालं, तेव्हा दहाव्या शतकाच्या थरांत असेच मोडून टाकलेले गाभे मिळाले. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोज या इंग्लिश युद्धनौकेवरही कातलेल्या लाकडी वाट्या होत्या.

बर्कशायरच्या बकलबरी गावच्या माळावर जॉर्ज लेली हे कातारी एल्म झाडाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणाऱ्या वाट्या काढत. प्रत्येक आकडीचं वळण वेगळं, कारण आतल्या वाटीला धक्का न लावता बाहेरची सोडवायची. १९५८ मध्ये ते गेले. त्यांचा लेथ रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहे. चिनीमाती आणि मुलामा दिलेली भांडी आली, गिऱ्हाईक गेलं. पुढे रोगानं एल्मही गेले, म्हणून आज बर्च, आल्डर, सिकॅमोर.

(दृश्य: फडताळावर ओळीनं ठेवलेल्या वाट्या)

भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, साधारण सात-आठ मिलिमीटर. जाड-बारीक राहिली तर बारीक भाग आधी सुकतो आणि जाड भागाजवळ फाटतो. ऊन नको, वारा नको, थंड सावली. रेषांच्या लांबीच्या दिशेनं लाकूड जवळजवळ आकसत नाही, आडव्या दिशेनं आकसतं. म्हणून गोल कातलेलं तोंड दोन-तीन आठवड्यांत थोडं लांबट होतं. सुकल्यावर तळाचा खुंटा आणि आतली गाभ्याची खूण वाकड्या चाकूनं साफ करतात. मग जवसाचं तेल, पातळ हात, कापडानं पुसून. तेल पूर्ण वाळेपर्यंत वाटीत काही वाढत नाहीत.