वीसच्या पुढे पेटणारा दिवा

(दृश्य: डॅशबोर्ड. चावी फिरते, सगळे दिवे लागतात आणि एकेक करून विझतात.)

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवाही विझला. गाडी गल्लीतून बाहेर पडली, काटा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास गेला आणि दिवा पुन्हा लागला. आता चावी बंद करेपर्यंत तो काही जायचा नाही.

गाडी आहे फोक्सवॅगन पसाट, बी-5 पिढीतली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. हिच्यात आणि त्याच काळातल्या ऑडी ए-4 मध्ये बॉश कंपनीचं 5.3 जातीचं एबीएस युनिट सापडतं. युरोप-अमेरिकेत या गाड्या हौसेनं सांभाळणाऱ्या मंडळींना हा दिवा चांगलाच परिचयाचा आहे.

दिवा वीसलाच का लागतो? गाडी थोडी वेगात आली की मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, स्वतःची परीक्षा घेतं. हायड्रॉलिक पंपाची मोटर क्षणभर फिरवून बघतं. मोटर फिरली नाही, किंवा फिरल्याचं मॉड्यूलला कळलं नाही, की ते एबीएस बंद करतं आणि दिवा लावतं. साधा ब्रेक मात्र चालूच राहतो. पेडल दाबलं की गाडी थांबते, फक्त जोरात दाबल्यावर चाकं जाम होऊ न देण्याची सोय गेलेली असते. पिवळ्याच्या जोडीला लाल दिवाही लागला असेल, तर मात्र गाडी जागची हलवायची नाही. आधी ब्रेक ऑइलची पातळी बघायची.

(दृश्य: बॉनेट उघडतं. ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यातून निघालेल्या ब्रेकच्या नळ्या, कडेला चिकटलेला काळा प्लास्टिकचा डबा.)

तो काळा डबा म्हणजे मॉड्यूल. 1978 मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आलं, तेव्हा मेंदू वेगळा आणि ठोकळा वेगळा होता. 1989 मध्ये बॉशनं मेंदू उचलून थेट ठोकळ्यावर बसवला. वायरिंग वाचलं, जागा वाचली. पण नाजूक इलेक्ट्रॉनिक्स इंजिनाच्या धगीत आणि हादऱ्यांत येऊन बसलं. आज आपण जे दुरुस्त करणार आहोत, त्याचं मूळ या सोयीतच आहे.

पण थांबा. पाना हातात घ्यायची घाई नको. एबीएसचा दिवा लागला की डबाच गेला, असं म्हणून मोकळे होणारे बरेच असतात. बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, त्याची घासून तुटलेली वायर, सेन्सरसमोर फिरणारी पण गंजून फुगलेली दातेरी रिंग, उडालेला फ्यूज, मरायला टेकलेली बॅटरी, हे सगळे संशयित आधी तपासायचे. आपल्याकडे यात आणखी एकाची भर घालावी लागते: पार्किंगमधला उंदीर. भारतात 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून उंदरांना कुरतडायला वायरीही वाढल्या.

(दृश्य: लॅपटॉप, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलेली केबल.)

बाजारातला स्वस्त ओबीडी रीडर, म्हणजे बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, इथे बहुधा उपयोगाचा नाही. तो इंजिनाशी बोलतो, ब्रेकशी नाही. या गाडीला व्हीसीडीएससारखं सॉफ्टवेअर लागतं. त्यात 03 क्रमांकाच्या पत्त्यावर एबीएस भेटतं. कोड 00283 आला असता तर पुढचं डावं चाक, 00285 आला असता तर पुढचं उजवं. मग मल्टीमीटर घेऊन सेन्सरचा रोध मोजायचा. या जुन्या गाडीत तो साधारण एक किलोओहमच्या घरात येतो. चाक हाताने फिरवलं की थोडा एसी व्होल्टेजही दिसतो. अलीकडच्या गाड्यांत सेन्सर वेगळ्या जातीचे असतात, तिथे ओहम मोजून काही कळत नाही. शिवाय काही बेअरिंगांच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते. ते बेअरिंग उलटं ठोकलं की सेन्सर नवा कोरा असूनही आंधळा.

आपल्या पडद्यावर आलाय 01276. हायड्रॉलिक पंप, सिग्नल मर्यादेबाहेर. म्हणजे चाकांचे सेन्सर संशयातून सुटले. उरले दोघे: मोटर किंवा मॉड्यूल.

मोटरीची दोन तारांची पिन काढायची आणि फ्यूज लावलेल्या जाड वायरीने बॅटरीचे 12 व्होल्ट तिला थेट द्यायचे. एक-दोन सेकंद, जास्त नाही.

(आवाज: मोटरीची घरघर.)

मोटर ठणठणीत आहे. मॉड्यूलकडे येणारा करंट आणि अर्थिंग तपासलं, तेही बरोबर. आता कुठे डबा उघडायचा हक्क मिळाला.

बॅटरी सोडवली. मोठा कनेक्टर काढला. बारीक टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू निघाले, खालचे अर्थातच हात न पोचणाऱ्या जागी. मग डबा सरळ बाहेर ओढायचा. आतली कॉइलं व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून, हातातून बांगड्या उतरवाव्यात तशी, निघून येतात. ब्रेकची एकही नळी सोडलेली नाही, ऑइलचा थेंब सांडलेला नाही, त्यामुळे हवा काढायचा प्रश्न नाही. घरच्या कामाची लक्ष्मणरेषा माझ्या मते इथेच आहे. नळ्या सोडायची वेळ आली, तर गाडी वर्कशॉपला न्यावी. युनिटात शिरलेली हवा काढायला पुष्कळदा स्कॅन टूलने पंप चालवावा लागतो आणि अर्धवट निघालेली हवा पेडल दाबल्यावरच कळते.

(दृश्य: टेबल, दिवा, भिंग. फिरत्या चकतीने झाकणाची कड कापली जाते.)

झाकण चिकटवलेलं असतं, त्याला स्क्रू नाहीत. कडेकडेने, अगदी उथळ कापायचं, कारण बोर्ड फार खोल नाही. झाकण उचललं की आत पारदर्शक जेलीसारखं सिलिकॉन दिसतं, त्याखाली सिरॅमिकचा बोर्ड आणि त्यावरून कडेच्या पिनांकडे गेलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा. काही केसासारख्या बारीक. मोटरीकडे जाणाऱ्या तेवढ्या जाड, कारण जास्त करंट त्यांतूनच जातो.

भिंगाखाली बघा. लाकडी काडीने जाड तार हलकेच ढोसली. एक टोक घट्ट आहे. दुसरं पिनवरून उचललं गेलंय, मध्ये जेमतेम कागद जाईल एवढी फट. वर्षानुवर्षं तापून-निवून आणि हादरे खाऊन जोड सुटला. सगळा घोटाळा इतकाच.

तीच तार पुन्हा चिकटवू म्हणाल तर जमत नाही. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही. म्हणून जेली तेवढ्यापुरती बाजूला करून, पिनपासून बोर्डवरच्या पॅडपर्यंत तांब्याची नवी तार टाकायची. सिरॅमिक उष्णता पिऊन टाकतं, त्यामुळे मोबाइल दुरुस्तीचं छोटं सोल्डरिंग आयर्न इथे दमतं. दमदार आयर्न हवं आणि टेकवायचं मात्र क्षणभर. शेजारची बारीक तार तुटली, तर ती घरी जोडणं जवळपास अशक्य. हात थरथरत असेल तर हे काम मॉड्यूल दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावं, त्यात कमीपणा नाही. आपलाच डबा दुरुस्त होऊन परत येण्यात एक फायदा आहे: त्याचं कोडिंग, म्हणजे या गाडीसाठी केलेली सेटिंग, शाबूत असतं. भंगारातून दुसरा आणला तर पार्ट नंबर तंतोतंत जुळवा, कोडिंग करा, आणि त्यालाही हाच आजार नसेल अशी आशा बाळगा.

झाकण तूर्तास चिकटपट्टीने बसवायचं. डबा जागेवर, कनेक्टर जागेवर, बॅटरी जोडली, कोड पुसला.

(दृश्य: रिकामं मैदान, कोरडा दिवस. स्पीडोमीटर.)

अठरा. वीस. तीस. दिवा लागला नाही. आता खडीच्या पट्ट्यावर जोरात ब्रेक. पेडल पायाखाली थरथरतं, पुढून किरकिर ऐकू येते, चाकं जाम होत नाहीत.

तरी डबा अजून सील करायचा नाही. हा जोड उष्णतेनं सुटतो, म्हणून परीक्षाही तापलेल्या इंजिनावर हवी. तासभर गर्दीत गाडी फिरवायची आणि गरम असतानाच पुन्हा लॅपटॉप लावायचा. बिघाडाच्या कोडची यादी कोरी आली, तर डबा परत टेबलावर घ्यायचा आणि झाकण सिलिकॉनने कायमचं बंद करायचं. फक्त व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यातलं आम्ल आपण आत्ताच टाकलेली तांब्याची तार खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेली नळी घ्या आणि ते पुरतं सुकेपर्यंत गाडी उभीच ठेवा.