अख्ख्या स्टेडियमला माहीत होतं की तो पळणार

नमस्कार मंडळी. मागे फळा आणि हातात खडू दिसतोय, म्हणजे आज पुन्हा बेसबॉल.

मागच्या व्हिडिओत मी सहज बोलून गेलो की बॉस्टन रेड सॉक्सच्या 2004च्या कमबॅकवरची नेटफ्लिक्सची ती तीन भागांची डॉक्युमेंट्री बघा. तेव्हापासून कमेंट थांबायचं नाव नाही. काहीजण म्हणतात, "दादा, रडलो." काहीजण म्हणतात, "दादा, काही कळलं नाही, पण रडलो." आजचा व्हिडिओ दुसऱ्या मंडळींसाठी.

आधी सोप्या गोष्टी उरकून टाकू. एकाने विचारलंय, "3-0 ने मागे म्हणजे तीनच रन ना? त्यात काय एवढं?" अरे राजा, रन नाही, सामने! सातपैकी चार जिंकायचे होते आणि न्यूयॉर्क यँकीज तीन जिंकून बसले होते. तिसरा तर 19-8 असा, तोही बॉस्टनच्या घरात, फेनवे पार्कवर. मेजर लीगच्या प्लेऑफमध्ये 0-3 वरून मालिका तोवर कुणी जिंकली नव्हती, आणि त्यानंतरही कुणी जिंकलेली नाही. 2020मध्ये ह्यूस्टन 3-3 पर्यंत आलं आणि सातव्या सामन्यात हरलं. त्यात बॉस्टनचं शेवटचं विजेतेपद 1918चं, मग त्यांनी बेब रूथला न्यूयॉर्कला विकलं, तो शाप लागला वगैरे. शाप ज्याला आवडतो त्याने ठेवून घ्यावा, मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात. आणि माझं दुखणंही तिथेच आहे.

तुमच्या कमेंट बघा. ऑर्टिझ, ऑर्टिझ, ऑर्टिझ. मान्य, बॉस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझने बाराव्या डावात होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारून तो सामना जिंकला. पण सामना असतो नऊ डावांचा, बरोबरी झाली तरच पुढे जातो. मग बारावा डाव आला कुठून? एका ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलंय, "तो एक जण पळाला, जमिनीवर पडला, उठून माती झटकली आणि लोक वेडे झाले. का?" ताई, आजची माझी सगळी बडबड याच एका प्रश्नावर.

नवव्या डावात यँकीज 4-3 ने पुढे. पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, कोण? मारियानो रिव्हेरा. सामना संपवायला ज्याला आणतात, त्यातला सर्वांत मोठा. त्याने केव्हिन मिलारला चार चुकीचे चेंडू टाकले, मिलार फुकटात पहिल्या बेसवर गेला. (तीन बेस पार करून घरी, म्हणजे फलंदाजाच्या जागी, परत आलं की एक रन.) मिलार पळण्यात बेताचाच. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स आला. या माणसाला संघात घेतलंच होतं पायांसाठी. त्या वर्षी 41 वेळा बेस चोरायला, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठायला निघाला, 38 वेळा पोचला.

आता क्रिकेटच्या डोक्याने बघू. नॉन-स्ट्रायकर आहे, चेंडू अजून बॉलरच्या हातात आहे, फलंदाजाने काही मारलेलं नाही, आणि हा क्रीज सोडून पुढे सरकतो. बेसबॉलमध्ये हे कायदेशीर आहे. फक्त बेसवर नसताना चेंडू असलेला हात अंगाला लागला की आउट. म्हणून पिचर मधेच वळून पहिल्या बेसवर चेंडू फेकतो. म्हणजे सरळसरळ मांकडिंगच की! आपल्याकडे कुणी केलं तर आठवडाभर खेळभावनेवर अग्रलेख येतात. तिकडे एका षटकात बसेल एवढ्या वेळात रिव्हेराने तीनदा केलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिसऱ्या वेळी रॉबर्ट्स थोडक्यात वाचला. पण तो बरेच दिवस बाकावर बसून आखडलेला होता. त्या तीन थ्रोंनी अंग मोकळं झालं असं तो स्वतः सांगतो.

नाही पटलं? मग फळ्यावर बघा. पहिल्या बेसपासून दुसरा 90 फूट. आपली खेळपट्टी 66 फूट, म्हणजे तिच्या सव्वापटीहून जास्त. रॉबर्ट्स निघाला की रिव्हेराचा चेंडू आधी 60 फूट कॅचरकडे, म्हणजे त्यांच्या विकेटकीपरकडे जाणार, मग कॅचर होर्हे पोसाडा तो 127 फूट लांब दुसऱ्या बेसवर फेकणार, तिथे डेरेक जीटर तो पकडून रॉबर्ट्सला लावणार. हे सगळं साडेतीन सेकंदांच्या आत. कुणाचीही एक छोटी चूक झाली की खेळ उलटा. आणि इथे चूक कुणाचीच झाली नाही. पोसाडाचा थ्रो चांगला होता, जीटरनेही पटकन हात खाली आणला. तरी रॉबर्ट्सची बोटं आधी पोचली.

अजून एकदा, कबड्डीतून सांगतो. डू ऑर डाय रेड असते ना? रेडरने काहीतरी केलंच पाहिजे हे सातही जणांना माहीत असतं, सगळे साखळी धरून टपलेले असतात. तशीच ही चोरी होती. गुपचूप नाही, सांगून सवरून. फेनवेतल्या शेवटच्या रांगेतल्या माणसालाही माहीत होतं की हा पळणार. मोरी विल्स नावाच्या जुन्या खेळाडूने रॉबर्ट्सला आधीच सांगून ठेवलं होतं, की एक दिवस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तुला बेस चोरावा लागेल, तेव्हा कचरू नकोस.

पुढचा फलंदाज बिल म्यूलर. त्याला पहिला चेंडू पडला आणि रॉबर्ट्स निघाला. थोड्या वेळाने म्यूलरने रिव्हेराच्या बाजूने सरळ मधून चेंडू काढला आणि रॉबर्ट्स दुसऱ्या बेसवरून घरी आला. 4-4. तोच फटका, पण रॉबर्ट्स पहिल्या बेसवर असता तर? फार तर तिसऱ्यापर्यंत. रन शून्य. कळलं ताई, माती झटकताना लोक का ओरडले?

एक गंमत सांगतो, व्हिडिओ लांबेल पण लांबू दे. 2023पासून नियम बदललाय. पिचरला एका फलंदाजामागे दोनदाच असं थांबून मागे फेकता येतं. तिसऱ्यांदा फेकलं आणि रनर आउट झाला नाही, तर रनरला पुढचा बेस बक्षीस! म्हणजे आज रिव्हेराने तेच तीन थ्रो केले असते, तर रॉबर्ट्स चालत दुसऱ्या बेसवर गेला असता. न पळता. डॉक्युमेंट्रीच बनली नसती.

आणि हो, "कोलकाता 2001 यापेक्षा मोठं" असं लिहिणाऱ्यांनो, भांडण नाही. पण लक्ष्मण आणि द्रविड चौथा अख्खा दिवस खेळले. आपण चहा पीत, जेवत, शाळेतून येऊन सामना फिरताना बघितला. इथे कप तोंडाला लावेपर्यंत संपलं.

पाचवा सामना 14 डावांचा. त्यातही बरोबरीचा रन रॉबर्ट्सचाच, हे कुणी लिहीत नाही. सहावा बॉस्टनचा पिचर कर्ट शिलिंग दुखऱ्या घोट्याने खेळला, त्याच्या रक्ताळलेल्या मोज्याचा, सातवा 10-3 असा एकतर्फी. मग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे फायनलमध्ये, सेंट लुइसला 4-0 ने हरवलं. रॉबर्ट्स त्यात एक मिनिटही खेळला नाही आणि डिसेंबरमध्ये त्याला सॅन डिएगोला धाडून दिलं.

मी तेव्हा कुठे होतो? न्यू जर्सीत, प्रोजेक्टवर. चौघांत एक फ्लॅट, एक टीव्ही. रविवारची रात्र, सोमवारी आठला ऑफिस. आठव्या डावातच रिव्हेरा आला, मी म्हटलं संपलं, आणि झोपलो. हो, झोपलो! सामना रात्री 1 वाजून 22 मिनिटांनी संपला आणि मी घोरत होतो. कमेंटमध्ये हवं ते लिहा.

सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी आमचा एक वयस्कर सहकारी उभा होता, जन्माचा यँकीजवाला. मी विचारलं, काय झालं? तो काही बोलला नाही. अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधली फट दाखवली, एवढीशी. मला वाटलं एका रनने हरले. हरले होते दोनने.

ती फट कसली होती ते मला डॉक्युमेंट्री बघताना कळलं. जीटरचा ग्लव्ह आणि रॉबर्ट्सचा हात. तिथे थांबवून, मागे नेऊन, स्लो करून बघितलं. "अंपायरने बॉस्टनला झुकतं माप दिलं" असं लिहिणाऱ्या दादांनो, मी पंधरा वेळा बघितलंय.

सेफ.