कडेला कोण?

[दृश्य: आर्क्टिकचा बर्फाळ माळ. कस्तुरी बैलांचा कळप. दूरवर लांडगे.]

लांडग्यांची चाहूल लागली, तरी हा कळप पळत नाही. कस्तुरी बैल एकमेकांना चिकटून उभे राहतात. तोंडं बाहेर, पाठी आत. लांडगे चहूबाजूंनी आले, की पूर्ण रिंगण होतं आणि वासरं त्याच्या आत जातात. मधूनच एखादा बैल उसळून बाहेर येतो, शिंगं रोखून लांडग्यावर धावतो आणि पुन्हा आपल्या जागी येतो. लांडग्यांना हवी असते पळापळ. पळापळीत वासरू मागं पडतं. इथं ती होतच नाही.

बंदूक घेऊन आलेल्या माणसापुढे मात्र याच रिंगणानं घात केला. सगळा कळप एका जागी, हलायचं नाव नाही. शिकाऱ्याला आणखी काय हवं?

हे दृश्य पाहून वाटतं, कळप म्हणजे एकमेकांसाठी उभं राहणं. पण बहुतेक कळपांचा हिशेब वेगळाच असतो.

[दृश्य: रेखाचित्र. गोल तळं, काठावर बेडूक.]

1971 साली विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं एक काल्पनिक तळं मांडलं. काठावर बेडूक बसलेत. रोज ठरलेल्या वेळी पाण्यातून साप वर येतो आणि सगळ्यात जवळचा बेडूक गिळतो. बेडकानं करावं काय? दोन शेजाऱ्यांच्या मधल्या फटीत उडी मारावी. शेजारी जितके जवळ, तितका साप आपल्या वाट्याला येण्याचा संभव कमी. पण ज्यांच्यामध्ये ही उडी पडली, तेही स्वस्थ बसत नाहीत. तेही आणखी अरुंद फट शोधतात. बघता बघता काठावर बेडकांचे ढीग होतात. कुणीही कुणाला वाचवायला आलेलं नाही, तरी कळप तयार! हॅमिल्टननं त्याला नावही रोखठोक दिलं: स्वार्थी कळप.

[दृश्य: शेतात दाणे टिपणारा रानकबुतरांचा थवा.]

अर्थात गर्दीचा फायदा लपण्यापुरता नसतो. जितके डोळे जास्त, तितका शत्रू लवकर दिसतो. 1978 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाळीव शिकारी बाज रानकबुतरांवर सोडले होते. एकट्या कबुतरावर झालेले बहुतेक हल्ले यशस्वी ठरले. पन्नासाहून मोठ्या थव्यावर दहातला एकही हल्ला धड साधला नाही, कारण बाज बराच लांब असतानाच थवा उडालेला असायचा.

[दृश्य: आफ्रिकेतलं कालाहारी वाळवंट. झुडपाच्या टोकावर उभा मीरकॅट, मुंगसाच्या कुळातला छोटा प्राणी.]

मग हा पहारेकरी? बाकीचे वाळू उकरून किडे खाताहेत आणि हा उंचावर उपाशी उभा. त्यागाची मूर्तीच वाटते. प्रत्यक्षात पहाऱ्याला चढतो तो बहुतेकदा पोट भरलेला मीरकॅट. संशोधकांनी काही मीरकॅटना मुद्दाम जास्त खाऊ घातलं, तर ते जास्त वेळ पहारा देऊ लागले. शिवाय शत्रू आधी त्यालाच दिसतो आणि बिळात शिरणाऱ्यांत तो अनेकदा पहिला असतो. दोन हजारांहून अधिक तासांच्या निरीक्षणात एकही पहारेकरी शिकार होताना दिसला नाही. त्याची कीव करायचं कारण नाही.

[दृश्य: जपान. मधमाश्यांच्या पोळ्याशी आलेली राक्षसी गांधीलमाशी.]

इथं मात्र हिशेब उलटा आहे. गांधीलमाशी आत शिरली, की शेकडो जपानी मधमाश्या तिच्यावर झेपावून तिला गोळ्यात कोंडतात. डंख उपयोगाचा नाही, तिचं कवच जाड आहे. मधमाश्या पंखांचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. गोळ्याच्या आतलं तापमान सुमारे 46 ते 47 अंश सेल्सिअसवर जातं. मधमाश्या याहून थोडं जास्त सोसू शकतात, गांधीलमाशीला ते सोसत नाही. त्यात आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तिचा जीव आणखी लवकर घेतो. युरोपातून जपानात आणलेल्या मधमाश्यांना ही युक्ती नीट साधत नाही. त्या एकेकट्या अंगावर जातात आणि मूठभर गांधीलमाश्या काही तासांत वसाहत संपवतात.

बेडूक शेजाऱ्यांच्या मध्ये शिरत होते ते धोका टाळायला. इथं धोका मधोमध आहे, आणि मधमाश्या तिथंच शिरतात. याचं उत्तरही हॅमिल्टननंच 1964 साली दिलं होतं. कामकरी माशीला सहसा स्वतःची पिल्लं होत नाहीत. तिची जनुकं पुढे जातात ती राणीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, पिल्लांमधून. पोळं वाचलं, तरच तिचं काही उरतं.

किंमत मात्र द्यावी लागते. त्या उष्णतेत सापडलेल्या माश्यांचं उरलेलं आयुष्य घटतं. आणि एकदा गोळ्यात गेलेली माशी पुढच्या हल्ल्याच्या वेळी पुन्हा गोळ्यात शिरण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.