हलकी ई-बाइक: आधी प्रवास ठरवा, मग मोटर

हलकी ई-बाइक बनवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, टोटल वजन किती होणार. मी म्हणतो तो जरा बाजूला ठेवा. सपाट रस्त्यावर ताशी 25 किलोमीटरने जाताना सरळ बसून चालवणाऱ्याचे शंभर-सव्वाशे वॅट नुसती हवा कापण्यात जातात आणि टायरचं घर्षण खातं तीस-चाळीस, म्हणजे बाइकमधून 5 किलो कमी केलेत तरी वाचले जेमतेम दोन वॅट. चढावर थोडं जास्त कळतं, पण तिथेही तुमचं स्वतःचं वजन हिशोबात असतंच ना! हलकी बाइक हवी ती उचलायला. जिना आहे, ट्रेनचा दरवाजा आहे, गाडीची डिकी आहे, एअरपोर्टचा काटा आहे. आणि उचलताना सगळ्यात जड तुकडा कोणता आणि तो सुटा होतो का, हे टोटलपेक्षा महत्त्वाचं. त्यामुळे बाइक कशातून न्यायची ते आधी ठरवा, मग मोटर घ्या. बहुतेक जण उलटं करतात.

मोटरचं पटकन सांगतो. छोटी गिअरवाली हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी) साधारण दोन-अडीच किलोची, विनागिअरची डायरेक्ट ड्राइव्ह चार ते सहा. गिअरवालीत आत फ्रीव्हील असतं त्यामुळे करंट बंद असला तरी चाक मोकळं फिरतं, पण रीजन, म्हणजे ब्रेक मारताना बॅटरीत परत जाणारी वीज, मिळत नाही. नाही तर नाही, हलक्या बाइकला ब्रेक मारून परत मिळणार किती, त्यासाठी तीन किलो जास्तीचे कोण वाहणार? चाक 20 इंची घेतलंत तर दुहेरी फायदा, पॅकिंग छोटं होतं आणि त्याच टॉर्कला (मोटरच्या फिरवण्याच्या जोराला) 26 इंचीपेक्षा तीसेक टक्के जास्त रेटा मिळतो, फक्त टॉप स्पीड त्याच प्रमाणात उतरतो, म्हणून वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी, तिच्यावर मोटरचा वेग ठरतो) चाकाच्या साइजप्रमाणे निवडायचं. मोटर पुढच्या चाकात बसवणार असाल तर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) स्टीलचा हवा आणि टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून फोर्कला बांधायची पट्टी) हवाच, अ‍ॅल्युमिनियमच्या फोर्कची खाच एक्सलच्या पिळाने तुटू शकते आणि ती तुटते तेव्हा तुम्ही सीटवर असता.

आता बॅटरी, कारण खरी गोम इथे आहे. पॅसेंजर विमानात सुटी लिथियम बॅटरी केबिनमध्येच न्यायची, चेक-इनमध्ये नाही. 100 वॉट-अवरपर्यंत (व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत साठणारी वीज) चालते, 100 ते 160 मध्ये एअरलाइनची परवानगी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन, 160 च्या वर नाहीच. ई-बाइकची नेहमीची बॅटरी 400-500 वॉट-अवरची, म्हणजे विषयच संपला. घरी सुटे सेल स्पॉट वेल्डने जोडून छान पॅक बनवलात तरी त्यावर लेबल नाही, यूएन 38.3 टेस्टचा (लिथियम बॅटरी वाहतुकीला सुरक्षित आहे का, ती चाचणी) रिपोर्ट नाही, सिक्युरिटीवाला अडवणार आणि कुरिअरवालाही घेणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

त्यातून वाट काढायची तर बिनवायरच्या ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या बघा. 18 व्होल्ट 5 अँपिअर-अवर म्हणजे 90 वॉट-अवर, कंपनीचं लेबल छापलेलं, अशा दोन सिरीजमध्ये (एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला) जोडल्या की 36 व्होल्ट आणि 180 वॉट-अवर. किलोमीटरला आठ-दहा वॉट-अवर धरले तर पॅडल मारत मारत वीसेक किलोमीटर निघतात, लांबच्या टूरला हे पुरणार नाही, पण स्टेशन ते मुक्काम आणि थोडं फिरणं आरामात. जोडताना दोन्ही एकाच मॉडेलच्या, सारख्या वापरलेल्या आणि फुल चार्ज केलेल्या हव्यात. आणि एक, ह्या बॅटऱ्यांमध्ये खूपदा लो-व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी फार उतरली की करंट तोडणारी सोय) बॅटरीत नसतो, तो ड्रिलमध्ये असतो! म्हणजे तुमच्या बाइकच्या कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीत) कट-ऑफ 30 व्होल्टच्या आसपास असायलाच पाहिजे, नाहीतर सेल पार खाली जातात आणि मग चार्ज करणं धोक्याचं होतं. विमानात नेताना टर्मिनलवर कॅप किंवा टेप लावा, पूर्ण चार्ज करून नेऊ नका, ते पोचल्यावर जोडण्याआधी करा, आणि किती नग चालतील ते एअरलाइनला ईमेलने विचारा, उत्तर प्रिंट करून जवळ ठेवा. काउंटरवरच्या माणसाशी तोंडी वाद घालून काही होत नाही.

बाकी पॅकिंग साध्या सायकलसारखंच. चाक काढलं की फोर्कच्या मध्ये स्पेसर (फोर्क दबू नये म्हणून आडवा तुकडा), हायड्रॉलिक ब्रेक असेल तर पॅड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये तुकडा, डावं पॅडल उलट्या आट्यांचं. बऱ्याच एअरलाइन्सचा साधा नियम लांबी-रुंदी-उंची मिळून 158 सेंटिमीटर आणि 23 किलो, 20 इंची चाकाची सुटी होणारी फ्रेम त्यात कशीबशी बसवता येते. हब मोटरला नाजूक जागा एकच, एक्सलमधून वायर बाहेर येते ती. तिथे कडक कॅप घाला आणि चाक त्या बाजूवर कधी टेकवू नका.

आणि काही एअरलाइन्स बॅटरी नसली तरी ई-बाइक म्हटलं की नाही म्हणतात. पुढच्या चाकातल्या मोटरचा मला आवडणारा फायदा इथेच, मोटरवालं चाक, कंट्रोलर आणि डिस्प्ले घरी ठेवा, साधं पुढचं चाक लावा, आणि काउंटरवर जाते ती साधी सायकल.