ओटीवरची माणसं

(पडद्यावर पाच ओळी, सहा रकाने. तीस चौकोन. त्यातला एक रिकामा.)

विसावी पेटी, एकोणिसावा चौकोन. रिकामा. पुढची पेटी, सतरावा चौकोन. तोही रिकामा. बाकी सगळं भरलेलं आहे.

पोकेमॉन म्हणजे व्हिडिओगेममध्ये पकडायचे काल्पनिक प्राणी. त्यांच्या जातींचा आकडा २०२४च्या सुरुवातीला १,०२५वर गेला. पकडलेले प्राणी खेळातल्या पेट्यांत ठेवायचे, एका पेटीत तीस मावतात. म्हणजे चौतीस पेट्या गच्च, आणि पस्तिसाव्या पेटीत पाच. माझ्याकडे १,०२३ आहेत. प्रत्येक जातीचा एक, आपापल्या क्रमांकाच्या जागी बसलेला. खेळणारे याला ‘लिव्हिंग डेक्स’ म्हणतात. आमच्या घरी याला ‘अजून चालूच आहे का तुझं ते?’ म्हणतात.

नुसती नोंद करायची तर काम सोपं. एकदा पकडला, यादीत खूण झाली, मग सोडून दिला तरी चालतं. इथे तो प्राणी हजर लागतो. पिकाचू वाढून त्याचा रायचू झाला की पिकाचूची जागा मोकळी. पुन्हा जंगलात जायचं आणि दुसरा धरून आणायचा. ईवी नावाचं एक कोल्ह्यासारखं पिल्लू आहे, त्याची पुढे आठ वेगवेगळी रूपं होतात. म्हणजे ईवी नऊ लागतात. आठ वाढवायला आणि एक तसाच ठेवायला.

(जुना फोटो. चाळीची गच्ची, पाण्याच्या टाक्या.)

हा खेळ सुचला तो किडे पकडणाऱ्या एका मुलाला. सातोशी ताजिरी, जन्म १९६५. टोकियोच्या कडेला माचिदा नावाचं गाव आहे, तिथे ते वाढले. तेव्हा तिकडे भातखाचरं होती, तळी होती. किड्यांच्या इतके मागे असायचे, की पोरांनी त्यांचं नावच ‘डॉक्टर बग’ ठेवलं होतं. पुढे टोकियो पसरत आलं. तळी बुजवली, इमारती उठल्या, किडे गेले.

ही गोष्ट कळायला मुंबईकराला जपानी यावं लागत नाही. आमच्या लालबागच्या चाळीच्या गच्चीवर गणपती गेले की चतुर यायचे, शेकड्यांनी. मागून दबकत जायचं आणि शेपटी चिमटीत धरायची. काही पोरं शेपटीला दोरा बांधून पतंगासारखे उडवायची. मीही बांधला आहे, खोटं कशाला बोलू. चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि त्याच्या गच्चीला कुलूप असतं.

(गेमबॉय. त्याच्या कडेला खोचलेली वायर.)

१९८९ साली निन्टेन्डोचा गेमबॉय बाजारात आला. दोन गेमबॉय जोडायला एक वायर मिळायची. लोक ती एकमेकांना हरवायला वापरत. ताजिरींना त्या वायरीत दिसला एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरपटत जाणारा किडा. त्या एका कल्पनेवर खेळ उभा राहायला सहा वर्षं गेली. २७ फेब्रुवारी १९९६ला जपानमध्ये तो विक्रीला आला, आणि एकदम दोन डब्यांत, म्हणजे यंत्रात खोचायच्या दोन कार्ट्रिजांत: एक लाल, एक हिरवा.

खरी गोम या दोन डब्यांत आहे. बाहेरच्या देशांत पुढे लाल आणि निळा अशी जोडी आली, तिचं उदाहरण घेतो. लालमध्ये एकान्स नावाचा साप मिळतो, सँडश्रू औषधालाही नाही. निळ्यात सँडश्रू पायाखाली येतात, साप नाही. सुरुवातीला तीन पिल्लं समोर ठेवतात, त्यातलं एकच घ्यायचं. डोंगरात दोन जीवाश्म सापडतात, एक उचलला की दुसरा गेला. ईवी अख्ख्या खेळात एकदाच मिळतो. आणि चार प्राणी असे आहेत, की दुसऱ्याच्या यंत्रात गेल्याशिवाय त्यांची शेवटची वाढ होतच नाही. कडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर, हॉन्टर. तुम्ही कितीही हुशार असा, कितीही रात्री जागा, एका डब्यावर संग्रह पुरा होत नाही. तो होऊ नये असाच बांधलेला आहे. भांडण झालेला मित्रसुद्धा यासाठी परत बोलवावा लागतो.

त्या खेळातला एकशे एक्कावन्नावा प्राणी म्यू. त्याची गंमत वेगळी. चाचणीसाठी घातलेली साधनं शेवटी काढून टाकल्यावर डब्यात तीनशे बाइटची जागा उरली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तिथे म्यू दडवला. कोरोकोरो नावाच्या जपानी मासिकाने वीस वाचकांना म्यू द्यायचं जाहीर केलं, तर ७८,००० अर्ज आले. आमच्या शाळेत मात्र पक्की खबर होती, की बंदरात एक ट्रक उभा असतो आणि म्यू त्याच्या खाली आहे. ट्रक खरंच आहे. त्याच्या खाली काहीही नाही.

(दूरदर्शन संच, वेफरची फाटलेली पुडी, टाझो.)

मुंबईत पोकेमॉन आला तो टीव्हीवरून, २००३च्या सुमारास. शाळेतून धावत घरी यायचं आणि दप्तर फेकून कार्टून नेटवर्क लावायचं. वेफरच्या पुडीत टाझो निघायचे, चित्रांच्या गोल चकत्या. मधल्या सुट्टीत त्यांचा बाजार भरायचा, एका चांगल्या टाझोला तीन साधे. गेमबॉय मात्र वर्गात एकाकडेही नव्हता. कोणाचे तरी दुबईचे काका होते आणि ते आणणार होते. ते काका अजून यायचे आहेत.

मग आमच्या पिढीने जे केलं ते सांगून टाकतो, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. घरच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणारा प्रोग्राम टाकला आणि फायर रेड हा पोकेमॉनचा खेळ खेळलो. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर चीट कोड होते. मास्टर बॉल, म्हणजे कुठलाही प्राणी हमखास पकडणारे चेंडू, हवे तितके. आठही बॅज मिळवले, सगळ्यांना हरवलं, विजेता झालो. आणि माझा कडाब्रा लेव्हल शंभरला पोचूनही कडाब्राच राहिला. वायर लावणार कुठे, सीपीयूला? एक मित्र खरोखरच प्रिंटरची वायर घेऊन आला होता. आम्ही ती लावूनही बघितली.

(बाजारातली गल्ली. काचेखाली ओळीने कार्ट्रिज.)

खरं यंत्र हातात आलं ते कॉलेजात. मुंबईत निन्टेन्डो घ्यायचं म्हणजे हाजीअलीचं हीरा पन्ना, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट, नाहीतर लॅमिंग्टन रोड. बिल मागायचं नाही, घासाघीस करायची. पहिला डबा मी एमरल्ड या पोकेमॉनच्या खेळाचा घेतला. कुठून घेतला ते सांगत नाही. दोनशे तास खेळलो, आणि एका सकाळी डबा कोरा. खऱ्या एमरल्डचं प्लॅस्टिक हिरवं आणि आरपार दिसणारं असतं, आतली बटणासारखी बॅटरी बाहेरून दिसते. माझ्या डब्यातून काहीच दिसत नव्हतं. हे मला दोनशे तासांनंतर कळलं.

त्या दोनशे तासांतले निदान वीस एका नदीवर गेले. रूबी, सफायर, एमरल्ड या तिन्ही खेळांत एकशे एकोणीस नंबरच्या वाटेवर एक लांबलचक नदी आहे. तिच्यात फीबस नावाचा एक मळकट, कुरूप मासा आहे. नदीत शेकडो चौकोन, आणि मासा त्यातल्या फक्त सहा चौकोनांत. आता ते सहा चौकोन कशावर ठरतात? तर दूर दुसऱ्या एका गावात पोरांच्या तोंडी कुठला शब्दप्रयोग चालू आहे यावर. तो बदलला की मासे हलले. एकेका चौकोनावर गळ टाकत बसायचं. हे ज्याला सुचलं, त्याला एकदा आमच्या ससून डॉकवर आणून उभं करावंसं वाटतं. आणि हाच मासा पुढे या सगळ्या मालिकेतला बहुधा सर्वांत देखणा प्राणी होतो.

(लोकलचा डबा. खिडकीतून पळणारे खांब.)

२०१३च्या ऑक्टोबरात एक्स आणि वाय हे खेळ जगभर एकाच दिवशी आले. त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारची बोरीवली स्लो. समोरच्या बाकावर माझ्याच वयाचा एक जण, हातात निन्टेन्डोचं थ्री-डीएस यंत्र. मुंबईत हे दिसणं म्हणजे गर्दीत गाववाला भेटण्यासारखं. माझ्याकडे एक्स होता, त्याच्याकडे वाय. दोन यंत्रं शेजारी असली की वायरलेसवर अदलाबदल होते, नेटवर्क लागत नाही. मी म्हटलं, माझा हॉन्टर तुला पाठवतो, तुझ्याकडे त्याचा गेंगार होईल, मग परत कर. बदल्यात तात्पुरतं काहीही दे. त्याने बनलबी दिला. लेव्हल तीनचा ससा, गवतात पाऊल टाकलं की निघतो असला.

“परत देशील ना?”

“अरे, देणार ना भावा.”

हॉन्टर गेला. त्याच्या पडद्यावर उजेड झाला, गेंगार झाला. आम्ही दोघांनीही वाकून बघितला. आणि दादर आलं. दादरला कोणी उतरत नाही, उतरवला जातो. तो दारापर्यंत मागे मान वळवून काहीतरी ओरडत होता, मग दिसेनासा झाला.

गेंगार मला पुढे दुसऱ्या कोणाकडून तरी मिळाला. तो ससा बाविसाव्या पेटीत आहे, शेवटून दुसरा. त्याच्या माहितीत ज्याने पकडला त्याचं नाव आहे: ए ए ए ए. नाव विचारलं तेव्हा गड्याने एकच बटण चार वेळा दाबून मोकळं केलं होतं.

या नावाला खेळात ‘ओटी’ म्हणतात, म्हणजे मूळ प्रशिक्षक. प्राणी दहा हातांतून फिरला तरी ती नोंद पुसता येत नाही. कुठे भेटला, कोणत्या तारखेला, कितव्या लेव्हलला, कोणी पकडला. आमच्या कोकणातल्या घरी ओटी म्हणजे आल्यागेल्याने टेकायची जागा. मला हा शब्द खेळात वाचताना दर वेळी तीच आठवते.

(लायन गेटसमोरची इमारत. वर पाटी: हॉर्नबिल हाउस.)

मुंबईत अशाच पेट्यांचं एक घर आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापना १८८३. सलीम अली लहान असताना गळ्यावर पिवळा डाग असलेली एक मेलेली चिमणी घेऊन तिथे गेले, आणि तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. अशा संग्रहांतल्या पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी हरवली तर अभ्यासकाच्या लेखी तो नुसता पिसांचा गोळा.

माझ्या पेट्यांतल्या चिठ्ठ्या मी एकदा बसून वाचल्या. निम्म्याहून जास्त नावं माझी नव्हती. जपानी लिपीतली, कोरियन, कोणी नुसता ठिपका ठेवलेला. एक ठाण्याचा मुलगा, जो आता कॅनडात असतो. मनीष मार्केटातल्या एका काउंटरवरचा पोऱ्या, ज्याने मला कडाब्राचा पहिला आलाकझाम करून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

(बंद होत जाणाऱ्या पडद्यांची मालिका.)

हे सगळं एका जागी आणायची वाट एकेरी आहे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरून डीएसवर, तिथून थ्री-डीएसवर, तिथून ‘बँक’ नावाच्या सेवेत, आणि तिथून २०२०पासून ‘होम’ या दुसऱ्या सेवेत. पुढे गेलेला मागे येत नाही. २०१९च्या जूनमध्ये पोकेमॉनच्या खेळांचे एक निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितलं, की स्वोर्ड आणि शील्ड या नव्या खेळांत सगळे प्राणी आणता येणार नाहीत, आणि जगभर रडारड झाली. मीही थोडा चिडलो होतो. २७ मार्च २०२३ला थ्री-डीएसचं ऑनलाइन दुकान बंद झालं. ज्याने तोवर बँक उतरवून घेतली नव्हती, त्याची वाट तिथेच संपली. सगळ्यात जुन्या डब्यांना तर वाटच नव्हती. गोल्ड आणि सिल्व्हर या जुन्या खेळांच्या डब्यात घड्याळ आहे, ते आतली बॅटरी खातं, आणि बॅटरी संपली की आतले सगळे जातात. पोटमाळ्यावर पडल्या पडल्या.

(शिवाजी पार्क. संध्याकाळ. कट्ट्यावर एक मुलगा, शेजारी त्याची आजी.)

राहिले ते दोन चौकोन. ५८९ एस्कव्हेलियर आणि ६१७ अ‍ॅक्सेलगोर. कॅराब्लास्ट नावाचा एक भुंगा आहे आणि शेलमेट नावाचा एक शंखवाला. नुसतं दुसऱ्याकडे पाठवून त्यांचं भागत नाही, दोघांची एकमेकांशीच अदलाबदल व्हावी लागते. मग भुंगा शंखवाल्याचं कवच घालतो आणि कवच गेलेला तो हलका होऊन सुसाट पळतो. परत देण्याघेण्याचा प्रश्नच नाही.

मुलगा सातवीतला. “काका, आधी माझा शेलमेट, मग तुमचा.” काका ऐकून मी गप्प. दोन वेळा अदलाबदल केली, म्हणजे दोघांनाही दोन्ही मिळाले. माझ्या पडद्यावर आलेल्या दोघांच्याही ओटीत त्याचं नाव, त्याच्याकडच्या दोघांच्या ओटीत माझं.

आजीने चष्मा वर करून विचारलं, “झालं काय नेमकं?”

नातवाने कवचाची सगळी हकिगत सांगितली.

“म्हणजे याचे कपडे त्याने घातले,” आजी म्हणाल्या. “चल आता, डास चावायला लागले.”